पाच खांब, सारख्या मिशा

४ मार्च, सोमवार

जेवायचं टेबल माझं, आणि ताट ठेवायला जागा मला नाही! एका कडेला कॉम्प्युटर, दुसऱ्या कडेला कागदांचे गठ्ठे, मधे वायरींचा गुंता. ताट मांडीवर घेऊन जेवले. या वयात. नात म्हणते, "आजी, पंधराच दिवस ग." पंधरा दिवस! तिचा बापही पंधराच दिवस म्हणून परगावी गेला होता. बारा वर्षं झाली, अजून येतोय.

असो. राग लिहून काढला की उतरतो, एवढ्यासाठी ही वही. दोऱ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली, तिथली सवय — पाळी संपली की दोन ओळी खरडायच्या. शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन कोणी तपासू नये. वाचायचंच नाहीये कोणी, तर तपासणार कोण!

नातीचं काम काय ते लिहून ठेवते, म्हणजे मला तरी कळेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून खुर्चीत ठेवायचं एक यंत्र असतं. त्याला झोळीसारखा पट्टा लागतो. तो पट्टा नातीच्या ऑफिसात तपासतात. पाच कंपन्यांचे पाच पट्टे. एकेकाचे तीस तुकडे घ्यायचे, यंत्रात धरायचे आणि शिवण फाटेपर्यंत ताणायचे. किती किलोला फाटली तो आकडा कागदावर. त्या आकड्यांचा नात ग्राफ काढणार, तो बघून साहेब ठरवणार कुठला पट्टा चांगला. आणि जो ठरेल तो जाणार वृद्धांच्या निवासात, जिथे माझी थोरली बहीण आहे. अक्का. पायातलं बळ गेल्यापासून ती तिथेच असते.

म्हणजे हा ग्राफ शेवटी कोणाच्या बुडाखाली जाणार, ते मला ठाऊक आहे. म्हणून मांडीवर जेवले. नाहीतर वायरी खिडकीबाहेर गेल्या असत्या.

नातीची नोकरीही अजून कच्ची. २२ तारखेला तीन महिने भरतात. मग कायम करायचं का घरी पाठवायचं, ते साहेब सांगणार. पोरगी नखं खाते. जेवण खात नाही, नखं खाते.


५ मार्च, मंगळवार

कागद हाताने लिहिलेले. नात एक डोळा कागदावर, एक स्क्रीनवर, दर चार आकड्यांनी ओळ चुकते. बघवेना. म्हटलं, "आण इकडे. मी वाचते, तू बडव."

दीडशे तुकडे! दुपारभर वाचत होते. घसा बसला. पण मजा आली, खोटं कशाला बोलू. आकडा तोंडात आला की जुनं सगळं आठवतं. आमच्याकडे दोरा ताणायचे, इथे पट्टा. ताणलं की फाटणार, फाटलं की लिहिणार. जग काही फार पुढे गेलेलं नाही.

आणि आकड्यांवरून पट्ट्याचा स्वभाव कळतो. एक नंबरचा पट्टा लहरी. चारशे ऐंशी, लगेच सहाशे दहा, परत पाचशे. त्याचं काही धरून चालता येत नाही, जावयासारखं. चार नंबर मात्र शहाणा. सहाशे चाळीस, सहाशे साठ, सहाशे पन्नास. एका सुरात. वाचताना डुलकी येईल इतका शहाणा.

नात म्हणाली, "आजी, तू नसतीस तर मला तीन दिवस लागले असते." मी म्हटलं, "मी नसते तर टेबलही नसतं."


६ मार्च, बुधवार

घसा अजून बसलेला. शेजारीण म्हणाली, "घरात शांतता आहे, बरं वाटतं."

तिला बरी होऊन सांगते.


७ मार्च, गुरुवार

ग्राफ झाला. नातीने खुर्ची ओढून मला समोर बसवलं. पाच पट्ट्यांचे पाच खांब. ज्याची सरासरी जास्त त्याचा खांब उंच. चार नंबरचा सगळ्यात उंच, साडेसहाशे किलो. इथवर कळलं.

खालच्या बाजूला एक लाल आडवी रेघ, चारशे किलोवर. ती कशाला? तर पट्ट्याचा एकही तुकडा त्या रेघेखाली फाटता कामा नये, असा नियम. तेही कळलं.

मग प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एक उभी रेघ, वर-खाली आडव्या टोकांची. म्हटलं, "ही मिशी कसली?" तर म्हणाली, "स्टँडर्ड डेव्हिएशन." मी म्हटलं, "माणसाच्या भाषेत सांग." तिने बराच वेळ सांगितलं. मला समजलं ते असं — आकडे सरासरीपासून किती लांब पळतात, ते मिशी दाखवते. आकडे एकमेकांना चिकटून असले तर मिशी छोटी. उधळले तर मिशी मोठी.

बरं.

मग पाचही मिशा सारख्या कशा?

विचारलं. म्हणाली, "तसंच आलंय." तसंच आलंय म्हणजे? एक नंबर माकडासारखा उड्या मारत होता, चार नंबर खुंटाला बांधलेला. दोघांना एकच मिशी? मी स्वतः वाचलेत आकडे! नात म्हणाली, "आजी, ते सॉफ्टवेअर काढतं, मी नाही." मी म्हटलं, "सॉफ्टवेअरने पट्टे ओढले होते का?"

चहा न पिताच उठली.

मलाच काही कळत नसेल. चौथी पास बाई मी. पण डोळे तरी पास आहेत ना!


८ मार्च, शुक्रवार

नात ऑफिसला गेल्यावर तिने छापलेला ग्राफ घेतला. माझी स्टीलची पट्टी काढली. ग्राफच्या कडेला आकडे असतात — शून्य, शंभर, दोनशे असे. शंभर किलोला दोन सेंटीमीटर पडतात. हे माप धरून मिशा मोजल्या. खांबाच्या डोक्यापासून वर सव्वा सेंटीमीटर, खाली सव्वा. पहिली सव्वा, दुसरी सव्वा, तिसरी सव्वा. पाचही! म्हणजे बासष्ट-त्रेसष्ट किलो, सगळ्यांना.

कपडे शिवणाऱ्याने पाच माणसांना एकाच मापाचे सदरे शिवले तर त्याला काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

संध्याकाळी पट्टी आणि कागद तिच्यासमोर ठेवला. "मोज." मोजलं नाही. म्हणाली, "आजी, हे सॉफ्टवेअर जगभर वापरतात. मेनूत 'स्टँडर्ड डेव्हिएशन' लिहिलंय, मी तेच दाबलं. अजून काय करू?" डोळ्यांत पाणी. २२ तारीख डोक्यात बसलीय तिच्या. मी पट्टी उचलून ठेवली. नंतर वाटलं, का उचलली?


९ मार्च, शनिवार

बोलणं बंद आहे. दोघींचं.


१० मार्च, रविवार

अक्काकडे गेले. बोलायला कोणीतरी हवं.

तिला खुर्चीत बसवायची वेळ होती. सेविका आली, दणकट मुलगी, जुना पट्टा पाठीखालून सरकवला, हुक अडकवले, बटण दाबलं. अक्का वर गेली, हवेत लटकली, पाय लोंबकळत. मला म्हणते, "बघतेस काय? साठ वर्षं माझ्या डोक्यावर बसलीस, आता मी तुझ्या डोक्यावर." सेविकेला हसू आवरेना. मला मात्र पट्ट्याची शिवणच दिसत होती. कडेला विटलेली, दोन टाके सुटलेले.

म्हटलं, "अक्का, नवे येणारेत."

"माझी नात— म्हणजे तुझी नात— ठरवतेय ना? मग चांगलेच येतील."

"तिचा ग्राफ मला पटत नाहीये."

"तुला काय पटतं? माझं लग्नसुद्धा तुला पटलं नव्हतं."

"ते बरोबरच होतं माझं!"

"होतं," अक्का म्हणाली. "म्हणून सांगते, तुला पटत नाही तर सोडू नकोस. धाकटे, त्या पट्ट्यात मी बसणार आहे, ती पोरगी नाही."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. माझं चुकत असेल तर पोरीचं डोकं उगाच खाल्लं. बरोबर असेल तर अक्का हवेत लटकणार. दोन्हीत मधलं काही नाही. सरासरी काढायची सोय नाही इथे.


११ मार्च, सोमवार

नातीने मोजलं!

सकाळी उठले तर टेबलावर माझी पट्टी, आणि ती कॉम्प्युटरसमोर केस विस्कटून. "आजी, तू बरोबर आहेस." हे वाक्य या घरात पहिल्यांदा ऐकलं. तारीख वर लिहिली आहेच.

झालं होतं असं. तिने जे बटण दाबलं, त्याला पट्ट्यांचे तीस-तीस आकडे दिसतच नव्हते. त्याला दिसत होत्या फक्त पाच सरासऱ्या. त्या पाच एकमेकींपासून किती लांब, ते त्याने काढलं — त्रेसष्ट — आणि तीच मिशी पाचही खांबांना चिकटवली. नात म्हणाली, "मी विचारलं एक, त्याने उत्तर दिलं भलत्याच प्रश्नाचं. आणि नाव तेच." मी म्हटलं, "तुझा आजोबा असाच होता."

मग तिने प्रत्येक पट्ट्याचं वेगळं गणित केलं, ते आकडे वेगळ्या रकान्यात लिहिले, आणि सॉफ्टवेअरला सांगितलं, या खांबाला ही मिशी, त्या खांबाला ती. हे करायला दुसरं बटण आहे, तीन पडद्यांमागे लपवलेलं. लपवलं कोणी देव जाणे.

छापून काढलं. मी पट्टी घेऊन बसले. एक नंबर, नऊ मिलिमीटर, म्हणजे पंचेचाळीस किलो. दोन नंबर पाच मिलिमीटर. तीन सहा. पाच नंबर सात. आणि चार नंबर? सगळ्यात आखूड, चारच मिलिमीटर. वीस किलो. कडेच्या मापाला सगळं बरोबर! उंचही तोच, शहाणाही तोच.

"म्हटलं नव्हतं?" हे मी सात वेळा म्हटलं. नातीने मोजलं.


१३ मार्च, बुधवार

साहेब खूश. नातीने त्यांना आधीचा ग्राफ आणि नवा ग्राफ शेजारी शेजारी दाखवला, मिशा का बदलल्या ते सांगितलं. साहेब म्हणाले, "हे इथे इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही." चार नंबरवर सही केली. निवासातही कळवलं. पट्टे परवाच पोचतील, सोमवार १८ पासून वापरणार.

नातीने माझं नाव सांगितलं का विचारलं. म्हणाली, "सांगायला हवं होतं." म्हणजे नाही. जाऊ दे. मला काय साहेबांशी सोयरीक करायचीय!

आज बऱ्याच दिवसांनी पोट भरून जेवली. टेबलावर. मीही.


१५ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहायचंय.

दुपारी दारावर एक गृहस्थ. नातीच्या ऑफिसातले, पट्टे ताणायचं यंत्र चालवतात ते. नात त्यांना काका म्हणते. कागदांचे गठ्ठे परत न्यायला आले होते, घर वाटेवर पडतं म्हणून. नात घरी नव्हती. बसवलं, चहा दिला. बोलता बोलता कळलं, तेही माझ्यासारखेच, शाळा अर्ध्यात सोडलेली, हाताने शिकलेलं काम. मग काय! दोरा कसा ताणायचा, पट्टा कसा धरायचा, तासभर गप्पा. नातीला आकडे मीच वाचून दिले, तेही सांगितलं. फार बरं वाटत होतं.

मग गठ्ठा बांधता बांधता ते म्हणाले, "चार नंबरचे गोल बघितलेत ना तुम्ही? मुद्दाम ठळक केले. साहेब कागद वाचत नाहीत हो, म्हटलं कोणाच्या तरी डोळ्यात भरावेत."

मी विचारलं, "कसले गोल?"

त्यांनी कागद काढला. चार नंबर. तीस आकडे. त्यातल्या चारांभोवती पेनाने गोल. दोनशे नव्वद. तीनशे दहा. तीनशे चाळीस. तीनशे पंचावन्न. लाल रेघेच्या खाली, चारही.

"यांची शिवण उसवलेली निघाली. बाकीचे दगडासारखे. म्हणून म्हटलं, हे चार नीट बघा."

मी ते आकडे वाचले नव्हते.

पाहिले असणार. कागद हातातच होता. पण आमच्या कारखान्यात गोल म्हणजे — दोरा मधोमध न तुटता चिमट्याच्या दाताशी तुटला. तो दोष चिमट्याचा, दोऱ्याचा नाही. म्हणून तो आकडा धरायचा नाही. मुकादम पाठीमागे उभा राहून ओरडायचा, "गोल दिसला की पुढे!" एकतीस वर्षं गोल दिसला की पुढे गेले. त्या दिवशीही पुढे गेले. डोळ्याला कळलं, तोंडाला कळलं, मला कळलंच नाही. चार नंबरचे तीस नाही, सव्वीसच वाचले.

आमच्याकडे गोल म्हणजे सोडून दे. यांच्याकडे गोल म्हणजे इथे बघ. कोणी सांगितलं का मला? मी विचारलं का?

काका गठ्ठा घेऊन गेले. "चहा फक्कड होता," म्हणाले. मी दारात उभीच.


१६ मार्च, शनिवार

नातीला सांगितलं नाही. दोनदा तोंड उघडलं. एकदा मीठ मागितलं, एकदा काहीच नाही.

सहा दिवसांनी ती कायम होणार. मिशा सारख्या का म्हणून जिने घर डोक्यावर घेतलं, तीच मी. माझ्या बोलण्यामुळे तर तो ग्राफ सगळ्यांना पटला! आधी सारख्या मिशा होत्या तेव्हा चार नंबर नुसता उंच होता. मी मोजून त्याला शहाणाही ठरवलं.

आकडे खोटे नव्हते. ग्राफ मापात होता. सॉफ्टवेअरनेही या वेळी बरोबर केलं. मग चूक कुठे आहे? माझ्या डोळ्यात? मुकादमाच्या ओरडण्यात? तो तर मेला.

कळत नाही. सोमवारी अक्काला त्यात बसवणार, एवढंच कळतं.


१७ मार्च, रविवार

सकाळी सांगितलं. सरळ. "चार आकडे मी वाचलेच नाहीत." का, तेही सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती कॉम्प्युटरकडे गेली, चार नंबरचा रकाना उघडला, खाली मोजणी बघितली. सव्वीस. बाकी चार पट्ट्यांना तीस-तीस. "हे मी बघायला हवं होतं," म्हणाली. "रकान्यात चार जागा रिकाम्या राहिल्या तरी सरासरी येतेच. कुरकुर करत नाही."

मी चार आकडे सांगितले. पाठ झालेत. तिने भरले.

मिशी वाढली. माझ्या डोळ्यांदेखत! चार मिलिमीटरची दोन सेंटीमीटर तीन मिलिमीटर. एकशेपंधरा किलो. पाचांत सगळ्यात लांब. झाडूसारखी.

आणि खांब? थोडा खाली आला, सहाशे सहावर. तरी सगळ्यात उंच तोच! हे काही मला पचेना. म्हटलं, "एवढं होऊनही पहिला नंबर त्याचाच?" नात म्हणाली, "सरासरीत पहिला." मी म्हटलं, "सहाशे सहाला एकतरी तुकडा फाटला का? सव्वीस फाटले साडेसहाशेच्या आसपास, चार फाटले तीनशेच्या आसपास. सहाशे सहाला कोण आहे?" ती म्हणाली, "कोणीच नाही, आजी."

कोणीच नाही तिथे खांब उभा! आणि अक्का काय सरासरी पट्ट्यात बसणार आहे? ती एकाच पट्ट्यात बसणार.

निवासात फोन केला. मोठ्या बाई आल्या फोनवर. म्हटलं, "उद्या माझ्या बहिणीला नव्या पट्ट्यात उचलू नका. कोणालाच उचलू नका."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या."

"आपण कोण?"

काय सांगू? चौथी पास, कारखान्यातून निवृत्त, आकडे गाळणारी. म्हटलं, "बहीण." म्हणाल्या, "ऑफिसकडून कळवा, मग बघू." फोन अक्काला द्यायला लावला. तिला म्हटलं, "उद्या उचलायला आले तर पोटात दुखतंय म्हण."

"कुठल्या बाजूला?"

"कुठल्याही!"

"डावीकडे दुखवते," अक्का म्हणाली. "उजवीकडचं आधीच काढलंय त्यांनी."


१८ मार्च, सोमवार

नात सकाळी आठलाच गेली. नवा ग्राफ घेऊन. मी येते म्हटलं, तर म्हणाली, "तू घरी थांब, आजी." पहिल्यांदाच असा आवाज लावला माझ्यावर. थांबले.

दुपारी अक्काचा फोन. "अग, सकाळपासून कण्हतेय! डॉक्टर आले, पोट दाबून गेले, पथ्याचं जेवण लावलंय. आत्ता दोन माणसं येऊन नव्या पट्ट्यांची खोकी परत घेऊन गेली. आता बरं वाटलं तर चालेल का?"

म्हटलं, "चालेल."

"मग पथ्य बंद करायला सांग त्यांना. तुझ्यामुळे फुकट उपाशी मी."

फोन ठेवला. ताटात वाढलेलं होतं, ते टेबलावर बसून संपवलं.


१९ मार्च, मंगळवार

नात काल उशिरा आली, आज लवकर गेली. विचारलं, "साहेब काय म्हणाले?" म्हणाली, "पट्टे थांबवले, दोन नंबर मागवतायत." दोन नंबरची सरासरी पाचशे नव्वद, मिशी पाच मिलिमीटर, रेघेखाली एकही नाही. चांगला पट्टा. शहाणा म्हणणार नाही, शब्द उतावीळपणे वापरायची खोड मोडलीय.

"आणि तुला काय म्हणाले?" यावर ती नळ सोडून भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

कागदांचे गठ्ठे गेले, वायरी गेल्या. टेबल पुसलं. मोठं वाटतं एकदम.


२० मार्च, बुधवार

तिच्या पिशवीत डबा ठेवायला गेले, तर कागद मिळाला. ऑफिसचा. 'चौकशी — गुरुवार, सकाळी अकरा.' खाली प्रश्न, आणि तिच्या अक्षरात उत्तरं.

'चाचणीचे आकडे कोणी वाचले?' — मी एकटीने.

'बाहेरच्या व्यक्तीची मदत घेतली का?' — नाही.

'चार नोंदी का वगळल्या?' — माझा निष्काळजीपणा.

तीन ओळी. तिन्ही खोट्या.

कागद फाडला नाही. घडी घालून माझ्या पिशवीत टाकला, स्टीलच्या पट्टीशेजारी.

पोरी, ही वही कोणी वाचू नये असं पहिल्या पानावर लिहिलंय. हे पान तू वाचायचंस, म्हणून उघडं ठेवलंय. उद्या अकरा वाजता मी तुझ्याबरोबर येणार. साहेब विचारतील, आकडे कोणी वाचले. तू तोंड उघडायचं नाहीस. उत्तर मी देणार.